आकाशातील अदृश्य छत

वैशाख महिन्यातील दुपार असावी. देशावरील काळ्या रानात नांगरट होऊन गेलेली असते, तापलेल्या ढेकळांवर पाय ठेववत नाही आणि दूरच्या बांधावरची झाडे थरथरत्या पाण्यात उभी असल्यासारखी दिसतात. अशा वेळी मान वर करून पाहिले, तर एखादी घार पंख पसरून आकाशात गिरक्या घेताना आढळते. ती पंख हालवीत नाही. तरीही प्रत्येक गिरकीबरोबर ती अधिकाधिक उंच जाते. तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर पिंजलेल्या कापसाच्या राशींसारखे ढग उभे राहतात, पाहता पाहता ते काळवंडतात, धुळीचे लोट उठतात आणि वळवाचा पाऊस गारांसह कोसळतो.

आता पौषातील एखादी सकाळ पाहावी. गावात चुली पेटलेल्या असतात. घराघरांतून धूर सरळ वर निघतो. परंतु पिंपळाच्या शेंड्याइतका उंच गेला न गेला, तोच तो अडतो, आडवा पसरतो आणि गावावर निळसर चादर घातल्याप्रमाणे तरंगत राहतो. वर ना छप्पर, ना भिंत. आकाश तर सर्वत्र मोकळे असते. मग त्या धुराला अडविले कोणी?

घारीला वर नेणारी हवा आणि धुराला अडविणारी हवा एकच आहे. ऋतू आणि वेळ बदलताच तिच्या वागण्यात एवढा भेद का पडतो, हे ज्याला समजले त्याला मेघ, पाऊस, गारा आणि धुके या सर्वांचे मर्म कळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. डोंगरमाथ्यावर गारवा असतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. वास्तविक उंच गेल्यावर आपण सूर्याच्या थोडे जवळच जातो. तेव्हा तेथे उष्णता वाढावयास हवी, असे एखाद्याला वाटेल. परंतु सूर्याचे किरण हवेला फारसे न तापविता तिच्यातून आरपार येतात व जमिनीला तापवितात. तापलेली जमीन मग आपल्या अंगची उष्णता लगतच्या हवेला देते. म्हणजे हवेची चूल वर आकाशात नसून खाली जमिनीवर आहे. चुलीपासून दूर जावे तसतशी ऊब कमी व्हावी, हे ओघानेच आले. दर किलोमीटर उंचीला हवेचे तापमान सरासरीने सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते.

उंचावरील हवेचे हे ज्ञान माणसाला सुखासुखी मिळालेले नाही. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन या गावाहून जेम्स ग्लेशर हा शास्त्रज्ञ आणि हेन्री कॉक्सवेल हा निष्णात बलूनचालक वायूने भरलेल्या प्रचंड फुग्याच्या पाळण्यात बसून आकाशात गेले. ग्लेशर तापमापकावरील व दाबमापकावरील आकडे एकामागून एक टिपीत होता. सुमारे साडेआठ किलोमीटरांच्या वर त्याची दृष्टी अंधुक झाली, हातपाय लुळे पडले आणि अखेर त्याची शुद्ध हरपली. फुगा मात्र वर चाललाच होता. वायू सोडण्याची दोरी गुंतली होती. कॉक्सवेल पाळण्यावरील कड्यावर चढला. पण गोठविणाऱ्या थंडीने त्याच्या हातांतील शक्ती गेली होती. तेव्हा त्याने दोरी दातांत धरली आणि मानेला हिसके देऊन वायूची झडप उघडली. फुगा खाली येऊ लागला, ग्लेशर शुद्धीवर आला आणि शुद्धीवर येताच त्याने पुन्हा आकडे टिपण्यास प्रारंभ केला! आज शाळेच्या पुस्तकात उंचीबरोबर तापमान उतरते असे एक वाक्य असते. त्या एका वाक्यामागे असे धाडस उभे आहे.

आता दुसरी गोष्ट. स्वस्थ असलेली हवा उंचावर थंड असते. परंतु खालून वर जाणारी हवादेखील चढता चढता स्वतःच थंड होत जाते. याचे कारण दाबात आहे. जमिनीलगतच्या हवेवर तिच्या वरच्या साऱ्या हवेचा भार असतो. जसजसे वर जावे, तसतसा तो भार हलका होतो. फ्रान्समध्ये १६४८ साली ब्लेझ पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यूई द दोम नावाच्या पर्वतावर चढला, तेव्हा नळीतील पारा पायथ्यापेक्षा माथ्यावर जवळजवळ आठ सेंटीमीटरांनी खाली उतरलेला आढळला. हवेचा भार वर कमी होतो, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा ठरला.

भार कमी झाला की हवा प्रसरण पावते. प्रसरण पावताना तिला सभोवतालच्या हवेला दूर सारावे लागते. त्या श्रमासाठी लागणारी शक्ती ती आपल्या अंगच्या उष्णतेतून खर्च करते आणि म्हणून थंड होते. याच्या उलट दाबली गेलेली हवा तापते. सायकलच्या चाकात जोराने हवा भरल्यावर पंपाचे टोक ऊन लागते. आणि फुगलेल्या चाकाची हवा सोडली, तर बाहेर पडणारा झोत बोटाला गार लागतो. हीच क्रिया आकाशात प्रचंड प्रमाणावर चाललेली असते. कोरडी हवा वर चढताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होते. आणि खाली उतरताना तितकीच तापते. हा तिचा नियम ठरलेला आहे.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की कोडे उलगडू लागते. समजा, वैशाखातील एका दिवशी जमिनीपासून एक किलोमीटर उंचीवरील हवा सकाळी आणि दुपारीही २६ अंश आहे. सकाळी आठ वाजता जमिनीलगतची हवा २८ अंश आहे. तिचा एक पुंजका कशाने तरी एक किलोमीटर वर ढकलला गेला, तर वाटेत तो दहा अंशांनी थंड होईल आणि १८ अंशांवर येईल. सभोवतालची हवा तेथे २६ अंश असल्याने हा पुंजका तिच्यापुढे थंड आणि म्हणून जड ठरेल. तो तेथे राहणार नाही. आल्या वाटेने खाली बसेल. दुपारी तीन वाजता मात्र नांगरलेल्या काळ्या रानावरील हवा ३८ अंशांपर्यंत तापलेली असते. तिचा पुंजका तितकाच वर गेला, तर तो दहा अंश गमावूनही २८ अंश राहील. शेजारच्या हवेपेक्षा तो अद्याप दोन अंशांनी उबदार आणि म्हणून हलका आहे. तो आणखी वर जाईल. वैशाखातील घार अशाच चढत्या पुंजक्यावर आरूढ झालेली असते.

येथे ध्यानात घेण्यासारखे हे, की चढणारी हवा किती उष्ण आहे याला स्वतंत्र महत्त्व नाही. ती शेजारच्या हवेपेक्षा उष्ण आहे की थंड, एवढाच प्रश्न असतो. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी बोटाने ढकलली, तर ती थोडी वर जाऊन पुन्हा तळाशी येते. तीच गोटी उपड्या वाटीच्या माथ्यावर ठेवली आणि नुसता स्पर्श केला, तर ती घरंगळत दूर जाते. गोटी एकच, पण एक स्थिती स्थिर, तर दुसरी अस्थिर. वर ढकललेली हवा परत येत असेल, तर त्या वातावरणाला स्थिर म्हणतात. आणि ती आपल्या बळाने पुढे चढत राहत असेल, तर त्याला अस्थिर म्हणतात.

अस्थिर हवेत मेघ कसा जन्मतो, ते आता पाहू. चढणाऱ्या हवेत डोळ्यांना न दिसणारी पाण्याची वाफ असते. हवा थंड होत होत एका ठरावीक उंचीवर पोहोचली की ती वाफ तिच्यात मावेनाशी होते आणि तिचे सूक्ष्म जलकण बनतात. तोच मेघ होय. एका परिसरातील हवेत ही क्रिया साधारण एकाच उंचीवर सुरू होते. म्हणून दुपारच्या ढगांचे माथे वेडेवाकडे असले, तरी त्यांचे तळ पाटावर कापल्यासारखे सपाट दिसतात.

वाफेचे पाणी होताना आणखी एक चमत्कार घडतो. पाण्याची वाफ करण्यासाठी सूर्याने जी उष्णता खर्च केलेली असते, ती वाफेच्या अंगी लपून बसलेली असते. वाफेचे पुन्हा पाणी झाले, की ही अप्रकट उष्णता मोकळी होते आणि चढत्या हवेला ऊब देते. त्यामुळे ढगाच्या आत गेलेली हवा किलोमीटरला दहा अंशांऐवजी सुमारे पाच-सहा अंशांनीच थंड होते. बाहेरची हवा किलोमीटरला सात अंशांनी थंड होत असेल, तर कोरडा पुंजका थोड्याच वेळात तिच्याहून थंड होऊन थांबतो. ढगातील पुंजका मात्र जितका वर जाईल, तितका तिच्याहून अधिक उबदार ठरतो. प्रवासाला निघालेल्या माणसाला वाटेतच शिदोरी मिळावी, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच बाष्पाने भरलेली हवा कोरड्या हवेपेक्षा सहज अस्थिर होते.

असा मेघ वाढत वाढत गर्जन्मेघ बनतो. त्याच्या पोटात हवेचे झोत कधी कधी ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने वर जातात. ते गारांना खाली पडू देत नाहीत. गार वरच्या थंडीत पुन्हा पुन्हा बर्फाचे लेप घेते आणि झोताला पेलवेनाशी झाली, म्हणजे जमिनीवर आदळते. बर्फाच्या कणांची घुसळण होऊन मेघात वीज साठते. वळवाच्या दिवसांत रानात काम करणारी माणसे पाऊस आला की झाडाखाली धावतात, आणि नेमका तोच आसरा घातक ठरतो. कारण वीज उंच वस्तूवर पडण्याचा संभव अधिक असतो. ढगांचा गडगडाट कानी येताच झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे, हे प्रत्येकाने मनावर बिंबवून ठेवावे.

मग हा मेघ चढत चढत आकाश भेदून का जात नाही? याचे उत्तर फ्रेंच संशोधक लेओं तेसराँ द बोर याने १९०२ साली दिले. त्याने उपकरणे बांधलेले दोनशेहून अधिक फुगे आकाशात सोडले होते. सुमारे ११ किलोमीटरांच्या वर तापमान उतरण्याचे थांबते, असे त्याला दिसून आले. त्या थराला स्थितांबर आणि त्याच्या खालच्या, ढगपावसाच्या थराला तपांबर म्हणतात. स्थितांबरातील ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो. त्यामुळे तेथे वर जावे तसे तापमान उलट वाढत जाते. तेथे पोहोचलेला मेघ सभोवतालच्या हवेहून थंड ठरतो आणि अडतो. महाराष्ट्रावर हे छत सुमारे १६ किलोमीटर उंचीवर आहे. मोठ्या गर्जन्मेघाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरलेला दिसतो, तो या छताला टेकल्यामुळेच.

हवा केवळ तापूनच वर जाते, असे नाही. डोंगरही तिला वर ढकलतो. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन कोकणात येतात आणि सह्याद्रीची उभी भिंत समोर आली, की त्यांना चढावेच लागते. चढताना ते थंड होतात आणि आपले पाणी तेथेच ओततात. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला घाट उतरून सुमारे तीस किलोमीटरांवरील वाईला मात्र तो हजार मिलिमीटरांच्या आतच असतो. कारण घाट उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि तिच्यातील ढग विरू लागतात. त्याहून पूर्वेकडचा माणदेश तर पर्जन्यछायेत सापडून पावसासाठी आकाशाकडे डोळे लावून बसतो.

आता पौषातील धुराकडे वळू. हिवाळ्यातील निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते व अतिशय थंड होते. तिला बिलगून असलेली हवाही थंड होते. परंतु थोड्या उंचीवरील हवा त्या मानाने उबदार राहते. नेहमीचा क्रम उलटतो. खाली थंड, वर उबदार. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. चुलीतून निघालेला धूर वर चढताना थंड होतो आणि त्या उबदार थरापाशी पोहोचताच जड ठरून अडतो. पौषातील सकाळी धुराला अडविणारे अदृश्य छत ते हेच. ऊन चढून जमीन तापली, की छत विरते आणि धूर मोकळा होतो. नाशिक भागातील द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात, त्या जमिनीलगत साचलेल्या याच गारठ्यापासून वेलींना वाचविण्यासाठी.

हे छत फार खाली आले आणि लवकर विरले नाही, तर काय अनर्थ ओढवतो, याचा दाखला लंडन शहराच्या इतिहासात आहे. १९५२ सालच्या डिसेंबरची ५ तारीख होती. थंडीमुळे घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या; कारखान्यांची धुराडीही चालूच होती. वारा पडला आणि टेम्स नदीच्या खोऱ्यावर उबदार हवेचे झाकण बसले. काही शे फुटांवर धूर अडला, धुक्यात मिसळला आणि पिवळट काळोख पसरला. माणसाला स्वतःची पावले दिसेनात. बसगाड्यांपुढे दिवा घेऊन वाहक पायी चालू लागले. एका नाट्यगृहात धुके आत शिरल्यामुळे चालू प्रयोग थांबवावा लागला. ९ तारखेला वारा सुटून शहर मोकळे झाले. परंतु तोपर्यंत वृद्ध, बालके आणि श्वासाचे रोगी यांचे प्राण मोठ्या संख्येने गेले होते. त्या वेळी मृतांची संख्या सुमारे ४,००० मानली गेली. पुढील संशोधकांनी ती १२,००० पर्यंत असावी, असे दाखविले. लंडनची धुराडी त्या आठवड्यात एकाएकी वाढली नव्हती. धूर रोजचाच होता. बदलले होते ते केवळ त्याच्यावरचे छत. त्या आपत्तीनंतर १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

यापासून घ्यावयाचा बोध कोणत्याही गावाला लागू आहे. आकाश अथांग दिसते. म्हणून त्यात कितीही धूर सोडला तरी तो कोठे तरी निघून जाईल, अशी माणसाची समजूत असते. पण हिवाळ्यातील रात्री आणि पहाटे ते आकाश एखाद्या ठेंगण्या खोलीएवढेच असते. त्या वेळी अंगणात जाळलेला पाचोळा किंवा रस्त्याकडेला पेटविलेला कचरा दूर जात नाही. तो शेजाऱ्याच्या आणि आपल्याच छातीत उतरतो.

या छताची उंची आज रोज मोजली जाते. १८७५ साली स्थापन झालेल्या भारत हवामानशास्त्र विभागाच्या अनेक केंद्रांवरून पहाटे साडेपाचच्या आणि सायंकाळी साडेपाचच्या निरीक्षणांसाठी फुगे सोडण्यात येतात. फुग्याला टांगलेले लहानसे यंत्र तापमान, दाब व आर्द्रता यांची वार्ता बिनतारी संदेशाने खाली धाडीत राहते. त्या आकड्यांवरून तज्ज्ञ एकच प्रश्न सोडवितात: खालची हवा वर ढकलली, तर ती परत येईल की पुढे जाईल? परत येणार असेल तर धुके आणि धूर. पुढे जाणार असेल आणि बाष्प पुरेसे असेल तर मेघगर्जना. ज्या कामासाठी कॉक्सवेलला दातांत दोरी धरावी लागली, ते काम आता एक साधा फुगा करतो. परंतु आकाश वाचण्यासाठी प्रत्येक वेळी यंत्रच हवे, असे नाही. चुलीच्या धुराची वाट, ढगाचा सपाट तळ आणि घारीची गिरकी यांकडे जो लक्षपूर्वक पाहील, त्याला त्या क्षणी आकाशाचे छत उंच आहे की ठेंगणे, हे अंगणात उभ्या उभ्या सांगता येईल.

शब्दार्थ
मर्म – खरे रहस्य. निष्णात – अत्यंत कुशल. पुंजका – लहानसा समूह. आरूढ होणे – वर बसणे. अप्रकट – लपलेली. गर्जन्मेघ – गडगडाट करणारा उंच मेघ. विपरीतता – उलट स्थिती. पर्जन्यछाया – डोंगराआड असल्यामुळे कमी पाऊस मिळणारा प्रदेश. ऐरण – तापलेले लोखंड ठोकण्याचा लोहाराचा ठोकळा.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हवेची चूल कोठे आहे, असे लेखात म्हटले आहे?
(आ) कॉक्सवेलने झडप कशी उघडली?
(इ) गर्जन्मेघाचा माथा ऐरणीसारखा का दिसतो?

२. कारणे सांगा.
(अ) वर चढणारी हवा थंड होते.
(आ) महाबळेश्वरपेक्षा वाईला पाऊस कमी पडतो.
(इ) हिवाळ्यात पहाटे कचरा जाळणे अपायकारक असते.

३. वाटी आणि गोटी यांच्या उदाहरणावरून स्थिर व अस्थिर वातावरण म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

४. जमिनीलगतच्या कोरड्या हवेचे तापमान ३० अंश आहे. तिचा पुंजका ५०० मीटर वर गेला. तेथील सभोवतालची हवा २७ अंश आहे. पुंजका पुढे चढेल की खाली येईल? कारणासह सांगा.

५. संधी सोडवा : गर्जन्मेघ, स्थितांबर, तपांबर.

६. वाक्यांत उपयोग करा : शुद्ध हरपणे, मनावर बिंबवणे, आकाशाकडे डोळे लावून बसणे.

७. उपक्रम : आठवडाभर रोज सकाळी आणि दुपारी एखाद्या चुलीचा किंवा धुराड्याचा धूर दुरून पाहा. तो किती वर गेला, कोठे आडवा झाला, याची वेळेसह नोंद करा आणि ती वर्गात वाचून दाखवा.